थर्झाआत्याच्या करवतीचं दुसरं टोक

विनी पिअर्सल आमच्या बेटावरच्या ह्यूऑन नदीच्या खोऱ्यात आली ती तिची आई गेल्यावर. बापानं, सिरिलनं, तिला धक्क्यावर आपल्या थोरल्या बहिणीच्या हवाली केलं आणि त्याच बोटीनं तो परत फिरला. मेंढ्यांची लोकर कातरायच्या कामाला समुद्रापलीकडं मुख्य भूमीवर जातो म्हणाला. नाताळात कधीमधी त्याचं कार्ड यायचं, बस.

थर्झाआत्या कडक बाई. नवरा जंगलात पडत्या झाडाखाली सापडून गेलेला, मूलबाळ नाही. टेकडीवरची सफरचंदाची बाग एकटी सांभाळायची. पोरीला तिनं कधी मारलं नाही, पण कधी जवळही घेतलं नाही. सकाळी उठवायची आणि मागच्या अंगणात दोघांनी ओढायच्या लांब करवतीच्या एका टोकाला उभी करायची. चुलीपुरतं लाकूड कापून झाल्यावर न्याहारी.

"पोरी, ढकलू नकोस. ओढायची नि सोडायची," एवढंच तिचं बोलणं.

विनी आणि मी एका वर्गात. वाचनालयातून आम्ही जाडजूड जुन्या कादंबऱ्या आणायचो. त्यांत अनाथ मुली, थंडगार खोल्या, दगडाच्या काळजाच्या आत्या-मावश्या, आणि शेवटी कुठूनतरी परतणारा प्रेमळ बाप. आत्याला पुस्तक दिसलं की ते कुलपात जायचं. "खोट्या माणसांसाठी रडायला इथं कुणाला वेळ आहे?" म्हणायची. मग विनी आमच्या ओसरीवर बसून वाचायची.

"एल्सी," ती मला म्हणायची, "माझी गोष्ट कुणीतरी आधीच लिहून ठेवलीय बघ. आता फक्त बाबा यायचे राहिलेत."

आणि ती सोळाची झाली त्या वसंतात बाबा आले! डोक्यावर नवी हॅट, तोंडात साखर. मेलबर्नला खानावळ काढलीय म्हणाले. "विने, तुझंच घर ते. चल."

"राबायला फुकटचं माणूस हवंय, असं सरळ सांग की," आत्या म्हणाली.

"ताई, तू काय तिला पाळण्यात ठेवलं होतंस?"

विनी मधेच ओरडली, "मी जाणार! तू माझी आई नाहीस, आत्या!"

"नाहीच," आत्या म्हणाली. बराच वेळ ती हातातला पेला पुसत राहिली. "जा. पण शनिवारी प्रदर्शनात करवतीच्या शर्यतीला माझ्या जोडीला उभी राहा. माझ्या नेहमीच्या जोडीदार ग्रोव्हरबाईंचं मनगट मुरगळलंय."

जाता जाता एवढं करू, म्हणून विनी कबूल झाली.

शेतकी प्रदर्शनाच्या मैदानात बायकांच्या करवतीला केवढी गर्दी! समोर लॉरिंग बहिणी; त्यांना तोवर कुणी हरवलं नव्हतं. बार झाला नि करवती चालू झाल्या. कुंपणावरून सिरिल ओरडला, "अगं ताई, पोरीचे हात मोडशील!" लोक हसले. विनीला राग आला आणि रागाच्या भरात तिनं करवत ढकलली. पातं वाकलं, ओंडक्यात अडकलं. लॉरिंग बहिणी पुढं गेल्या.

आता आत्या खेकसणार, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "विनी." पोरी नाही, विनी. "सगळा भार माझ्यावर सोड. मी आहे इथंच."

विनीनं सोडला. पातं सुटलं आणि मग जे काही झालं ते डोळ्यांत मावेना. भुशाचे फवारे उडत होते, दोघींची अंगं एका श्वासात पुढंमागं होत होती. लॉरिंग बहिणींचं बोटभर कापायचं राहिलं असताना आमच्या बाजूच्या ओंडक्याची चकती धप्पकन गवतात पडली!

आत्या हसली. तिचं हसणं आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. चांगलं गडगडाटी होतं. तिनं विनीला कमरेला धरून उचललं आणि सगळ्या मैदानाला दाखवलं.

सिरिल धावत आला. "शाब्बास! चल आता, सामान बांध."

"मी येत नाही, बाबा," विनी म्हणाली. "तुम्ही कधीही निघून जाता. ही कुठं गेली नाही." मग ती आत्याकडे वळली. "पण तुलाही सांगते. पुस्तकं यापुढं टेबलावर राहतील. आणि शाळा संपली की मी होबार्टला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला जाणार."

"अजून काही फर्मान आहे, की घाम पुसू?" आत्या म्हणाली.

त्या हिवाळ्यात विनी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची. आत्या मोजे विणता विणता भांडायची, "त्या म्हाताऱ्या आत्याची बाजू कुणी विचारली का? पोरीला खायला कोण घालत होतं?" विनी हसून हसून पान विसरायची.

विनी शिक्षिका झाली. सुट्टीत घरी यायची, तेव्हा दोघी सराव करायच्या. होबार्टच्या मोठ्या स्पर्धेतही त्या पहिल्या आल्या. सफरचंदांच्या ट्रकमधून परतल्या, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. आत्या रिकाम्या खोक्यावर चढून राणीसारखी हात हलवत होती, आणि वळणावर पडू नये म्हणून विनीनं तिचा झगा मागून घट्ट धरला होता.