हलगीची चार मिनिटं

"तेवढी चार मिनिटं कट करा," म्युझिक कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "तो गाण्याचा भाग नाही. नॉइज आहे."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माझं काम मास्टरिंगचं. म्हणजे रेकॉर्डिंग लोकांच्या कानावर जाण्याआधी आवाजावरून शेवटचा हात फिरवायचा. शिवाजी पेठेतल्या जुन्या रॉक बँडचा लाइव्ह अल्बम मोबाइलवर ऐकण्यासाठी नव्यानं निघणार होता. हा तिसरा रिलीज. मूळ शो मीच टेप केला होता, कुस्तीच्या मैदानात.

त्या दिवशी कुस्त्या आटोपल्या आणि बँड उभा राहिला. तिसऱ्या गाण्यात लाइट गेली. गिटार मुकी झाली, ड्रमवाला गांगरून थांबला. तेवढ्यात कुस्त्यांना हलगी वाजवायला आलेले तात्या पुढं सरकले आणि त्यांनी ताल उचलला. लाइट येईपर्यंत गाणं पडू दिलं नाही. अख्खं मैदान गात होतं. माझा रेकॉर्डर बॅटरीवर होता, त्यामुळं सगळं टेपवर आलं.

मग कॅसेट निघाली. एका बाजूला तीस मिनिटंच मावायची. कात्री लागली ती हलगीला, आणि चालवली मीच. पुढं सीडी आली, तेव्हा कंपनीनं त्या जोडावर कुठल्यातरी तयार टाळ्या चिकटवल्या. आमच्या मैदानात टाळ्या कोण वाजवतंय? शिट्ट्या पडतात! दोन्ही वेळा तात्या दारात येऊन विचारून गेले, "माझं आलंय न्हवं?" दोन्ही वेळा मी मान खाली घातली. त्याची लाज अजून वाटते.

आता तात्यांचे हात थरथरतात. हलगी खुंटीला आहे. चौथा रिलीज बघायला ते असतील कशावरून?

"मॅडम, कट होणार नाही."

"सर, हा तुमचा निर्णय नाही."

"बरोबर. बँडचा आहे. टेप त्यांची आहे."

मी फोन ठेवला आणि बँडच्या विलासला बोलावलं. गिटार त्याची, आणि नव्या करारावर सहीही त्याचीच व्हायची होती. येताना तात्यांना घेऊन ये म्हटलं. दोघांना टेप ऐकवली. तात्या डोळे मिटून बसले. बोटं मात्र मांडीवर चालायला लागली.

"तात्या, लाइट गेली तरी तुमी थांबला का न्हाईसा?" विलासनं विचारलं.

"कुस्ती निकाली झाल्याबिगर हलगी थांबती व्हय रं?"

विलासनं तिथूनच मॅडमना फोन लावला. "हलगीसकट काढणार असाल तर सही करतो. न्हायतर टेप माझ्या कपाटात बरी हाय की!"

मॅडमनी आठवडाभर ताणून धरलं. मग ईमेल आला, पूर्ण गाणं ओके. कलाकारांच्या यादीत मी एक नाव वाढवून पाठवलं. कुणाला विचारत बसलो नाही.

रिलीजच्या सकाळी तात्या दारात आले. या वेळी काही विचारलं नाही.

"लाइट आल्यावर ड्रमवाला लई उशिरा शिरला गड्या," म्हणाले आणि चहाला बसले.

नॉइज काढण्याआधी तो कुणाचा आहे, ते बघावं. एवढ्या वर्षांत मी इतकंच शिकलो. तेही दोनदा चुकल्यावर.