रिकाम्या जागेतून आत आलेलं गाणं

पुण्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. नवं म्हणून कॉम्प्युटरचं एक अर्धवट कार्ड गळ्यात मारलं. भूत, चमत्कार वगैरे मी कधीच मानले नाहीत. मंडपाला स्पीकर भाड्याने देत वर आलेला माणूस मी... माझा विश्वास फक्त वायरवर. तरीही हे लिहितोय.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नगरजवळ केडगावात, पुणे रोडला एका गाळ्यात माझा स्टुडिओ. जुनं टेपमशीन विकून मी कॉम्प्युटर आणि हे डिजिटल ऑडिओ कार्ड घेतलं, तेही घासाघीस करून, दुकानदाराला घाम फोडून. माईकचा आवाज एका डब्यात डिजिटल व्हायचा आणि तिथून वायरने कार्डात जायचा. आवाज आत घ्यायला कार्डाला तेवढी एकच वाट.

पहिलं रेकॉर्डिंग नेवाशाकडच्या दगडूकाकांचं. भीमगीतं गाणारे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज राहील की नाही, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

सकाळपासून मी सेटिंगला भिडलो होतो. दोन्ही यंत्रांचा ठेका एकच हवा, म्हणून कार्डाने तो बाहेरून, डब्याकडून घ्यायचा. त्या सेटिंगचं नाव 'एक्स्टर्नल'. ठेका जुळला की पडद्यावर हिरवं 'लॉक' येतं. ते काही येईना! कॉम्प्युटरने कार्डाला दिलेला नंबर, म्हणजे आयआरक्यू, बदलला; कार्डावरच्या पिनांचे जंपर काढून पुन्हा घातले. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅन्युअल वाचा." त्याला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही.

"भाऊ, यंत्र रुसलंय का तुमी?" काका हसत म्हणाले.

"ते रुसलंय. मी भडकलोय."

"मग त्याला म्हनावं, म्हातारा उद्या मुका हुईल. आज घे."

मी पुन्हा 'एक्स्टर्नल' केलं... आणि लॉक!

"गा काका!"

काका गायले. भर दुपारी, शटर ओढून, घामाघूम होऊन. एक खरखर नाही, एक तुटका सूर नाही. शेवटच्या कडव्याला आवाज फाटला, तोही जसाच्या तसा उतरला. ऐकताना काका म्हणाले, "ह्यो मीच का? लई ब्येस गातोय की!"

ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. त्यांच्या वस्तीत आजही जयंतीला तीच कॅसेट लागते. तसं रेकॉर्डिंग नगरात दुसऱ्या कुणी केलेलं मला दाखवा.

पण लॉक पुन्हा कधीच आलं नाही. शेवटी नगरच्या एका इंजिनियरने कार्ड उघडलं. "शेठ, आवाज आत घेणारी इनपुटची चिपच बसवलेली नाही. जागा कोरी आहे... इथे कधी सोल्डरचा डागसुद्धा दिलेला नाही."

तसाच पुण्याला गेलो. दुकानदार थंडपणे म्हणाला, "रेकॉर्डिंग झालं ना? मग कार्ड चालतंय."

"अहो, चिप नाही त्यात!"

"मग रेकॉर्डिंग झालं नसेल. एक काय ते बोला, शेठ. दुसऱ्या मशीनवर केलं असं लिहून द्या, नवं कार्ड घेऊन जा."

मी लिहून दिलं नाही. सेटिंग माझ्या हातांनी केलं होतं, लॉक माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आवाज कुठून आत गेला, मला आजही सांगता येत नाही. पण कोरी जागा मला नवं कार्ड म्हणून का विकली, याचा जबाब त्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून द्यावा... आणि तो देताना, काकांचं गाणं झालंच नाही, असं म्हणायचं नाही.