डार्लीनचं कापडी विमान

डार्लीन ह्रुस्का एरवी शाळेची बस चालवायची आणि सुट्टीला विमान घेऊन आकाशात कोलांट्या मारायची. नेब्रास्कातल्या हौशी वैमानिकांच्या हवाई कसरतींच्या स्पर्धेत तिचा नंबर शेवटून पहिला, ठरलेलाच. त्याला सबबही ठरलेली: विमान. तिचं जुनं, कापडी पंखांचं. बाकीच्यांची नवी, दणकट इंजिनांची. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला तोंडावर कुणी म्हणत नव्हतं एवढंच. पण तिच्या स्वतःच्या मनात ती शंकेची पाल चुकचुकायचीच. ही स्पर्धा झाली की विमान विकायचं आणि हा नादच सोडायचा, असं तिने यंदा ठरवून टाकलं होतं.

ऐन स्पर्धेच्या सकाळी मर्ल टीटजेनच्या विमानाचं तेल गळायला लागलं. मर्ल म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर, आणि दर वर्षीचा विजेता.

"डार्लीन, तुझं देतेस का गं?"

एखाद्याचं विमान अडलं तर दुसऱ्याने आपलं द्यायचं, मग तो आपल्यालाच हरवणारा का असेना, ही या मंडळींची रीत. डार्लीनने किल्ली पुढे केली.

"घे. पण सुस्त आहे हां. तुझ्या भूल दिलेल्या पेशंटासारखं."

"मग तर माझ्या सवयीचंच!"

परीक्षकांच्या मागे खुर्ची टाकून ती बघत बसली. आपलं विमान तिने जमिनीवरून उडताना कधी पाहिलंच नव्हतं. मक्याच्या शेतांवर ते उभं चढलं, पाठीवर झालं आणि अलगद खाली आलं, थाळीसारखं गोल वर्तुळ काढून. तिला रडूच आलं. इतकं देखणं विमान, आणि आपण वर्षानुवर्षं त्यालाच बोल लावला!

मर्ल उतरताच ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "वर गेल्यावर काय करतोस रे?"

"काहीच नाही. तू वर्तुळाच्या माथ्यावरसुद्धा विमान वळवायचा दांडा ओढून धरतेस, बाई. दात उपटल्यासारखा! हात सैल सोड की."

"तिथेच लटकलं तर?"

"आजवर लटकलंय कधी?"

तिची पाळी आली. विमान माथ्यावर उलटं झालं, शेतं डोक्यावर आली, आणि तिने जीव मुठीत धरून हात सैल सोडला. क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटलं. मग नाक आपसूक खाली वळलं. वर्तुळ नेमकं जुळलं तर विमान आपणच ढवळलेल्या हवेत परत शिरतं आणि त्याला बारीकसा गचका बसतो, हे ती इतरांकडून नुसतं ऐकत आली होती. आज तो तिला बसला. एकटीच मोठमोठ्याने हसत ती पुढच्या कसरतीला लागली.

निकालात मर्ल पहिला आला, ती तिसरी.

"विकतेयस म्हणे?" मर्लने विचारलं. "मलाच दे की."

"आधी त्यातूनच तुला हरवते," डार्लीन म्हणाली, "मग बघू."