मंगळवारी अकरा वीस ते अकरा पस्तीस

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं. शिवणकाम करणारी बाई मशीन सोडून आतल्या खोलीत संगणकासमोर बसली आहे. बोटातलं अंगुस्तान काढायचं राहून गेलंय. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर लाल फुली आहे, आणि सोळा मिनिटांनी तिच्या नवऱ्याचा फोन यायचा आहे.

नवरा मालवाहू जहाजावर आचारी आहे. जाऊन नऊ महिने झाले. घरी बोलायच्या पाळ्या जहाजावर ठरलेल्या असतात. स्वयंपाकघरातल्या तिघांची पाळी मंगळवारी, त्यात याच्या वाट्याला अकरा वीस ते अकरा पस्तीस. गेल्या मंगळवारी त्याने विचारलं होतं, "आणखी चार महिने थांबू, की येऊ?" ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." असं का म्हटलं, हे तिला अजून नीट सांगता येत नाही. त्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला होता, एवढंच ती सांगते. नंतर आठवडाभर डोक्यात एकच शब्द होता: या. तो लिहून पाठवता आला असता, पण तोंडानेच सांगायचा असं तिने ठरवलं. त्याने कप्तानाला उत्तर द्यायची मुदत आज दुपारी बारापर्यंत आहे.

वरच्या मजल्यावर राहणारी मोठी नणंद भावाशी बोलायला म्हणून खाली आली.

"काय गं, लागत नाही का?"

"शनिवारपर्यंत छान चालू होतं, ताई. नंतर उघडलंच नाही."

"मग बंद करून चालू कर."

"दोनदा केलं."

"तिसऱ्यांदा कर. माझा भाऊ तरी तीन हाकांशिवाय कधी उठला होता?"

भिंतीवरचं बटण तिसऱ्यांदा बंद झालं, चालू झालं. मग तिने संगणकातली जुनी जोडणी पुसून पासवर्ड नव्याने घातला. तो मापांच्या वहीत, कुणाच्या तरी बाह्यांच्या मापाशेजारी लिहिलेला होता. फुली गेली, एक बारीक रेघ आली, आणि तीही गेली. अकरा वीस झाले. अकरा तेवीसला तिने साध्या बटणांच्या मोबाइलवरून कंपनीचा मदत क्रमांक लावला.

"मॅडम, संगणक आणि राउटर एकाच खोलीत आहेत का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही. राउटर बाहेर, मशीनच्या वरच्या फळीवर."

"मध्ये लोखंडी कपाट, मोठा आरसा असं काही?"

"एक भिंत आहे. ती पहिल्यापासून आहे."

"राउटरवर दिवे किती लागलेत?"

"थांबा हं, झाकण काढून बघते."



"कसलं झाकण, मॅडम?"

ही बाई लॉन्ड्रीवाल्यांसाठी इस्त्रीच्या टेबलांची आवरणं शिवते. त्या कापडाला वरून अॅल्युमिनियमचा चंदेरी थर असतो, उष्णता परतवण्यासाठी. घरात दिवसभर कापडाचे तंतू उडतात, म्हणून मिक्सर, पंखा, टीव्ही, सगळ्यांना तिने झाकणं शिवली आहेत. रविवारी उरलेल्या तुकड्यातून राउटरलाही शिवलं: चारही बाजूंनी बंद, खाली नाडी, बसायला अगदी चपखल. धातूचा तो थर वायफायच्या लहरीही अडवतो, हे तिला फोनवरच्या मुलीने सांगितलं.

"ते काढा, मॅडम. आणि परत घालू नका."

"तुझं हे झाकणांचं वेड!" नणंद म्हणाली. "उद्या माझ्या भावालाही झाकून ठेवशील."

"ते हाती लागले तर ना," नाडी सोडता सोडता ती म्हणाली.

अकरा एकतीसला रेघा भरल्या. हुकलेले कॉल चार. पाचवा तिने लावला. तो पडद्यावर आला, दाढी वाढलेला, मागे टांगलेल्या पातेल्यांची रांग.

"उचलत नव्हतीस. मला वाटलं, हेच उत्तर."

"नाही हो. या."

"का? काय झालं घरी?"

"काही झालं नाही. तुम्ही या."

त्याने मागे वळून घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आत्ताच सांगतो कप्तानाला. पण बदली आचारी पुढच्या मोठ्या बंदरात चढेल, तेव्हाच मला उतरता येईल. पाच आठवडे धर. सहाही होतील."

"सहा," ती म्हणाली.

नणंद मागून वाकली. "किती बारीक झालास रे!"

"माझ्याच हातचं जेवतोय ना, ताई."

तो हसत असतानाच चित्र गेलं. अकरा पस्तीस झाले होते. जोडणी तिकडून आपोआप तुटते. नणंद जिना चढून गेली. ही तशीच बसून राहिली. कोपऱ्यातल्या खुणेच्या चारही रेघा भरलेल्या होत्या आणि पलीकडे कुणी नव्हतं.

उद्या बुधवार. बुधवारी जहाजावर बोलायची पाळी इंजिनघरातल्या माणसांची असते.