तुरीनचे मिस्त्री, मुक्काम ॲन आर्बर

अरविंदकाका उपासनी यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादकांनी मला एकच अट घातली: 'तुरीन आटोपशीर घ्या.' आपले सारे मराठी मंडळ या विषयाने किती गांजले आहे, हे त्यावरून कळावे.

काकांची माझी पहिली भेट २००२ च्या जानेवारीतली. पुण्याहून इथे, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला येऊन मला चारच दिवस झाले होते. मोटारींच्या पत्र्याचे डिझाइन करणाऱ्या आमच्या ऑफिसात ते ग्रुपचे प्रमुख होते. प्रवास कसा झाला, राहायची सोय झाली का, असले काही त्यांनी विचारले नाही. "तुरीन पाहिलंय का?" एवढेच विचारले. मी नाही म्हणताच समोरची खुर्ची दाखवली, आणि माझे जेवण हुकले.

ऐन उमेदीत काकांनी इटलीतल्या या कारखान्यांच्या शहरात, मोटारींचे सांगाडे घडवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये पाच वर्षे काढली. पुढे सगळा जन्म मिशिगनमध्ये गेला, पण मनाने ते तिथून हललेच नाहीत. तिथल्या एका कारखान्यात तळमजल्यावर कच्चा माल शिरायचा आणि मजल्यामजल्याने तयार होत गेलेली गाडी शेवटी गच्चीवरच्या ट्रॅकवर धावायची, हे मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात ऐकले आहे. राजाला न भिजता नदीपर्यंत जाता यावे म्हणून रस्त्याकडेला बांधलेल्या कमानी गणपतीच्या आरतीनंतर ऐकल्या आहेत. कोको मिळेनासा झाला तेव्हा तुरीनकरांनी चॉकलेटात हेझलनट वाटून घातले, हे त्यांनी आमच्या मुलाच्या बारशात पेढा हातात धरून सांगितले. मंडळाची इटलीची सहल ठरली, तर या गृहस्थांनी व्हेनिस कॅन्सल करून तीन दिवस तुरीन घातले. वैदेहीकाकू विमानात वेगळ्या रांगेत बसल्या होत्या.

कामातला छळ निराळा. डिझाइन स्क्रीनवर कितीही निर्दोष दिसो, नमुन्यावर सुती हातमोजा घालून, डोळे मिटून हात फिरवल्याशिवाय काका ते पुढे जाऊ देत नसत. तुरीनचे पत्रा ठोकणारे कारागीर असेच तपासत म्हणे. नमुना गावाबाहेरच्या वर्कशॉपमध्ये असायचा. जाऊन-येऊन दीड तासाचा ड्राइव्ह, तोही बर्फातून.

दुसऱ्या हिवाळ्यात मी वैतागलो. शॉपला गेलोच नाही. कागदावर 'तपासले' असे लिहिले आणि पाठवून दिले. साचा तयार झाला, आणि त्यातून निघालेल्या पहिल्याच दरवाजावर हँडलखाली खळगा दिसला. साचा पुन्हा करावा लागणार होता. त्यात ऑफिसात कपात सुरू होती. माझी नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता, आणि बायकोला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

मीटिंगमध्ये वरिष्ठांनी विचारले, हे तपासले कुणी? मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, मी. मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते. महिन्याभरात ग्रुपचे प्रमुखपद काकांकडून काढून घेतले गेले.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठले. "काका, तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं काय त्यात? शिकाऊची चूक मिस्त्रीच्या नावावर लागते. आमच्या वर्कशॉपची पद्धतच होती ती. तू आता दरवाजा फिक्स कर."

"पण तुमची पोझिशन गेली, काका."

"मग काय झालं? हात शाबूत आहेत ना?" असे म्हणून त्यांनी गाडीत बसून काच खाली केली आणि त्या थंडीत मला अर्धा तास तुरीन ऐकवले. आभार मानायला या माणसाने जागाच ठेवली नाही. गेली चार वर्षे मी त्यावरून धुसफुसतो आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या, नागपूरहून नव्याने आलेल्या सायलीने असाच एक नमुना न तपासता पाठवला. तिचा व्हिसाही नवाच. मीटिंगमध्ये तोच प्रश्न आला. मला गप्प बसायचे होते. अगदी ठरवले होते. आणि "मी तपासलं" असे माझ्याच तोंडून निघून गेले. त्या क्षणी मला काकांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल.

अरविंदकाकांना भरपूर आणि धडधाकट आयुष्य लाभो. माझे प्रमोशन त्या दिवशी गेले. ते कुणामुळे गेले, हे मला त्यांना दर वाढदिवसाला समोर बसून ऐकवायचे आहे.