ओवाळणीच्या ताटातला कागद

वाळूजच्या कारखान्यात मी स्टोअर्सला होते. मालासोबतचं चलन वाचल्याशिवाय एक नटसुद्धा आत घेत नसे, म्हणून टेम्पोवाले मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे. त्या खडूसपणाचा मला आजही अभिमान आहे.

वडील गेले तेव्हा गारखेड्याच्या पुढं, बायपासला लागून आमची जमीन होती. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली: दादा, मी आणि धाकटा. पुण्याची एक बांधकाम कंपनी तिथं दुकानांची इमारत बांधायला तयार होती. जमीन आमचीच राहणार, दुकानं निम्मी-निम्मी. पण त्यांचं म्हणणं, तीन वारसदारांच्या मागं कोण फिरणार? तुम्ही एक कंपनी काढा, जमीन तिच्या नावावर करा, मग करार कंपनीशी कंपनीचा.

कंपनी काढून दिली आमच्या जुन्या वकीलसाहेबांनी. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिंदू-मुसलमान अविश्वासाच्या दिवसांतही त्यांच्या वडिलांचं आणि आमच्या आजोबांचं उठणंबसणं सुटलं नव्हतं. त्यांनी सातबारा बघून तिघांनाही सारखे शेअर दिले, तिघांनाही डायरेक्टर केलं. दादा म्हणाला, "बाईचं नाव राहू द्या सध्या. तिच्याकून नंतर सोडवून घेऊ."

आमच्याकडं रीतच तशी. बहिणीनं माहेरच्या जमिनीचा हक्क कागदावर सोडायचा, साडी-चोळी घ्यायची आणि हसत सासरी जायचं. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. मीही सोडणारच होते, खोटं कशाला बोलू?

वर्षभरात पुणेकरांचा बेत बदलला. बांधून देण्यापेक्षा सगळी जमीन विकतच द्या, म्हणाले. दादानं चहा पिता पिता शब्द देऊन टाकला, धाकट्यानं मान हलवली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

भाऊबीजेला दादा बजाजनगरला माझ्या घरी आला. मी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली आणि साडीखाली कागद.

"एवढी सही कर, बाई. रीतीचंच हाय."

जमीन आता कंपनीची होती, म्हणून हे नेहमीचं हक्कसोडपत्र नव्हतं. माझे शेअर दादाच्या नावावर करायचे आणि मी डायरेक्टरपद सोडायचं, असा मजकूर होता. निरांजन जळत होतं, दादा पाटावर बसून होता आणि मी वाचत होते. वडिलांनी बांधलेली विहीर, बांधावरची आमची चिंच, सगळं एका कागदात जाणार होतं. माहेर जाईल, हे मला पुरतं कळत होतं.

"दादा, साडी घेते. कागद घेऊन जा. इकायला माझी सही नाय."

"तुझ्या सहीवाचून अडलंय का कुणाचं?" दादा ताडकन उठला आणि जेवलासुद्धा नाही.

पण अडलं होतं. वकीलसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावून कंपनीची नियमावली वाचून दाखवली: सगळ्या डायरेक्टरांच्या सह्या असल्याशिवाय जमीन विकता येणार नाही.

"ही अट कुणी घातली?" दादा भडकला.

"आपणच, मियाँ," वकीलसाहेब म्हणाले. "धाकटे परस्पर विकतील म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी धाकटे आले, तुम्ही विकाल म्हणून. मी दोघांसाठी एकदाच लिहिली."

धाकट्याला हसू आवरेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! एकमेकांना बांधायला घातलेल्या दाव्याचं टोक त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिलं होतं. सहीचा हात बहिणीलाही असतो, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

पुणेकर मुकाट पहिल्या करारावर आले. इमारत उभी राहिली. विहीर बुजली, तिचं वाईट वाटलं. चिंच मात्र मी भांडून नकाशात ठेवून घेतली. आमच्या वाट्याच्या दुकानांवर कंपनीची पाटी लागली आणि पाटीवर वडिलांचं नाव. ती पाहताना छाती भरून आली.

दादा तीन भाऊबीजा आला नाही. धाकटा यायचा, पण मी ताटं दोघांची करायचे आणि एक तसंच उचलून ठेवायचे. त्या तीन वर्षांत मी चुकले, असं कितीदा तरी वाटलं.

चौथ्या वर्षी दादा आला. त्याच्या पोरीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. मी ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली आणि साडीखाली पुन्हा कागद. मी साडी उचलली, कागद ताटातच राहू दिला.

"वाच की," दादा म्हणाला. "वाचल्याबिगर तू कुठं सही करतीस?"

वाचलं. दादाच्या शेअरांतला निम्मा वाटा त्याच्या पोरीच्या नावावर आणि ती चौथी डायरेक्टर.

"तिच्या सासरचे म्हणतील, हक्क सोडला का नाय," दादा खाली बघत म्हणाला. "सांगीन, आमच्यात पोरी सोडत नसत्यात."

अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मग सही केली.