गळ्यांच्या मधोमध

दिगंबर मास्तर गेल्याचा निरोप त्याचा धाकटा भाऊ घेऊन आला. जरा सावरल्यावर त्याने विचारलं, "मंडळ येईल ना?" आमच्या पुसेगावात भजनी मंडळातला माणूस गेला की मंडळ त्याला गात स्मशानापर्यंत पोचवतं. यादी माझ्याकडे असते. मी म्हणालो, "मास्तरचं नाव दोन वर्षांपूर्वीच कमी केलंय. नियम सगळ्यांना सारखा." मास्तरला आम्ही मुक्यानेच नेलं. वाटभर फक्त चपला वाजत होत्या.

तो माझा बालमित्र. सेनगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. भजन संपलं की देवळाच्या ओट्यावर बसून सांगायचा, "माणसाला बोलता येत नव्हतं ना, तवापासून तो टोळीनं गाऊन राहिला. एकट्याचा आवाज आला की वाघाला वाटायचं, शिकार हाय. धा जणांचा एका ठोक्यात आला की वाटायचं, आपल्याहून मोठं जनावर हाय. बराबर पुरावा न्हाई, पर मला पटतं. संगं गायले ते वाचले. आपण त्यायचीच लेकरं."

गंमत अशी की मास्तरचाच ठोका मागे पडायचा. मृदंगवाल्याने एकदा विचारलं, "मंग मास्तर, तुमच्या आज्याला वाघानं सोडलं काहून?"

"चांगल्या गळ्यायच्या मधी उभा राहिला म्हणून," मास्तर म्हणाला. सगळे हसले. तोही.

नरसीच्या स्पर्धेत आम्ही हरलो. पंच तोंडावर म्हणाले, एक टाळ मागे आहे. परतीच्या जीपमध्येच मी मास्तरच्या नावावर रेघ मारली. "राहू दे किसना," तो म्हणाला. "नुस्ता उभा राहतो. गात न्हाई." मी म्हणालो, "न गाणारा माणूस मंडळात कशाला?" त्यानंतर भजनाच्या दिवशी तो देवळाची वाट सोडून मागच्या बोळाने घरी जायचा.

तेराव्यानंतर मंडळाचं सामान तपासताना टाळांची एक जोडी कमी भरली, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी टाळ आणून दिले. वाट्यांच्या आत जाड फडकं शिवलेलं होतं; वाजवले तरी आवाज निघेना.

"नरसीला जायच्या आदीच शिवलं त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "आपला ठोका चुकतो, पर मधी तर उभं राहता येईल, म्हनले."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"मी बी तेच इचारलं, भाऊजी. म्हनले, मागं पडनारा टाळ किसनाचा हाय. त्याला काढलं तर यादी कोन ठेवील?"

दर गुरुवारी भजनाला आता मी तेच टाळ घेऊन मधल्या रांगेत उभा राहतो. फडकं उसवलेलं नाही.